मोमेंट म्हणजे नुसता क्षण का?

वेलांटी

एका आठवणीवजा लेखनाचा अनुवाद करते आहे आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे. शब्द अगदी रोजचा: मोमेंट.

वाक्य असं आहे: "इट वॉज नॉट अ लाँग मोमेंट, बट इट वॉज द मोमेंट." लेखिका आजारी वडिलांच्या उशाशी बसली आहे. दोघांमध्ये कित्येक वर्षांचा अबोला. वडील डोळे उघडून तिच्याकडे बघतात, आणि तो अबोला तिथेच संपतो. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, "तो क्षण मोठा नव्हता, पण तोच क्षण होता." वाचून बघा. काही पोचतं का? क्षण मोठा नव्हता म्हणजे काय, क्षण कधी मोठा असतो? आणि "तोच क्षण" म्हटल्यावर वाचक विचारणार, कोणता?

मग या शब्दाचे वापर वहीत उतरवत गेले. "जस्ट अ मोमेंट" म्हणजे जरा थांबा. "ॲट द मोमेंट" म्हणजे सध्या. "फॉर द मोमेंट" म्हणजे तूर्तास. "इन अ मोमेंट" म्हणजे एवढ्यात, आलेच. "द मोमेंट आय सॉ हिम" याला तर स्वतंत्र शब्दही लागत नाही, मराठी ते काम "पाहताच" मधल्या एका प्रत्ययावर भागवते. आणि "अ मॅटर ऑफ ग्रेट मोमेंट" मध्ये वेळेचा संबंधच नाही, ती नुसती महत्त्वाची बाब. सहा ठिकाणी सहा वेगळे मराठी शब्द आले आणि क्षण त्यांत एकदाही आला नाही!

विशेषणांनी मला जास्त विचारात पाडलं. मोमेंटरी म्हणजे क्षणिक, आलं आणि गेलं. मोमेंटस म्हणजे ज्याचे परिणाम फार दूरवर पोचतात असं. एका मुळाचे दोन शब्द, आणि तोंडं दोन दिशांना.

मूळ शोधलं तेव्हा थोडा उलगडा झाला. लॅटिनमध्ये मोव्हेरे म्हणजे हलणे, हलवणे. त्यावरून मोविमेंटम, आणि ते आखडून मोमेंटम. तराजूची पारडी समतोल असताना एका बाजूला एवढासा कण पडला की काटा हलतो. मोमेंटम या शब्दात ते हलणंही होतं आणि काटा हलवणारा तो कणही. पुढे अर्थाला दोन फांद्या फुटल्या. कण म्हणून "अगदी थोडं", आणि मग "अगदी थोडा वेळ". काटा हलवणारा म्हणून "वजनदार, महत्त्वाचा". फ्रेंचमार्फत १४व्या शतकात शब्द इंग्रजीत आला तो दोन्ही अर्थ घेऊनच.

म्हणजे माझ्या वाक्यात लेखिकेनं दोन्ही फांद्यांवर पाय ठेवला आहे. पहिला मोमेंट लांबीचा, दुसरा वजनाचा. मराठीत हे एका शब्दात बसेल का? तुम्ही कोणकोणते शब्द वापरता तेही सांगा, वहीत बरीच पानं शिल्लक आहेत.

गुंजभर

क्षणाला तुम्ही फार लवकर मोडीत काढता आहात असं वाटतं. "निर्णायक क्षण", "कसोटीचा क्षण", "अविस्मरणीय क्षण" हे आपण लिहितो तेव्हा लांबी मोजत नसतो, वजनच सांगत असतो. शिवाय संस्कृतात क्षण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: उत्सव. अमरकोशात उत्सवाचे पर्याय देताना उद्धर्ष, मह, उद्धव यांच्या रांगेत क्षण बसवला आहे. ज्या शब्दात उत्सव मावला त्यात तुमच्या लेखिकेचा अबोला सुटणं मावणार नाही?

वेलांटी

गुंजभर, उत्सवाचा अर्थ माहीत नव्हता, वहीत गेला. पण तुमचीच उदाहरणं बघा. निर्णायक, कसोटीचा, अविस्मरणीय: प्रत्येक वेळी वजन विशेषणानं आणलं आहे. क्षण एकटा उभा राहिला की मराठी कानाला तो छोटाच वाटतो. क्षणभर, क्षणिक, क्षणभंगुर, क्षणार्धात, सगळीकडे निसटणारा. इंग्रजीत "द मोमेंट" ला पुढे काही लावावं लागत नाही.

काटकोन

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा शब्द माझ्याकडे रोज येतो आणि तिथे त्याचा घड्याळाशी काहीही संबंध नसतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर लावावा लागतो, कडेला ढकललं तर बोटानं उघडतं. बल तेवढंच, अंतर बदललं. बल गुणिले आसापासूनचं लंबांतर, याला इंग्रजीत मोमेंट म्हणतात. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, "सर, यात मोमेंट कुठे आला?" पूर्वी मी म्हणायचो की नावात अर्थ शोधू नका. ते चुकीचं उत्तर होतं. अर्थ नावातच आहे, फक्त तो तराजूतून आलेला आहे.

तराजू ही तरफच. टेकूपासून लांब ठेवलेलं हलकं वजन जवळच्या जड वजनाला उचलू शकतं. गॅलिलिओ इटालियनमध्ये मोमेंतो हा शब्द याच अर्थानं वापरतो: वजन किती, एवढंच विचारायचं नाही, ते कुठे ठेवलं आहे आणि त्यामुळे खाली जायची त्याची ओढ किती, हेही विचारायचं. पुढे हाच शब्द सांख्यिकीत गेला. कार्ल पिअर्सननं तो यंत्रशास्त्रातून उचलला, कारण मध्य काढणं म्हणजे आकड्यांचा तराजू कुठे तोलतो ते बघणंच.

मराठीत आपण इथे शहाणपणा केला आहे. या अर्थाला क्षण लावलेला नाही. परिबल म्हणतात, आघूर्ण हाही शब्द वाचला आहे. इंग्रजीतल्या मोमेंटमला, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याला, संवेग. म्हणजे इंग्रजीनं एकाच कुटुंबात ठेवलेले तीन अर्थ आपण तीन घरांत ठेवले. शिकवायला सोपं जातं, पण ते भाऊ होते हे विसरायला होतं.

वेलांटी, तुमच्या धाग्यामुळे यंदा वर्गात तराजू घेऊन जाणार आहे.

जास्वंदी

काटकोन यांचं वाचून जर्मन आठवलं. जर्मनमध्ये या दोन फांद्या लिंगावरून ओळखतात! डेअर मोमेंट, पुल्लिंगी, म्हणजे वेळेचा. दास मोमेंट, नपुंसकलिंगी, म्हणजे भौतिकशास्त्रातला, किंवा एखाद्या गोष्टीत निर्णायक ठरणारा घटक. शब्द तोच, फक्त मागचं उपपद बदललं. शिकताना मी एका निबंधात दोन्ही उलटसुलट लिहिले होते आणि वाक्याचा अर्थ पार बदलला होता.

वेळेच्या अर्थासाठी त्यांचा स्वतःचा शब्दही आहे, आउगेनब्लिक. आउगे म्हणजे डोळा, ब्लिक म्हणजे दृष्टिक्षेप. आपलं निमिष जवळपास तेच, फक्त आपण बघणं न धरता पापणी मिटणं धरलं. इंग्रजीत "ट्विंकलिंग ऑफ ॲन आय". डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, हे मला या सगळ्यांत सुंदर वाटतं, कारण त्यात पापणी अजून पुरती लवलेलीही नाही.

रातराणी_

मोमेंटला एकेकाळी पक्कं माप होतं, हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. आठव्या शतकातला इंग्लंडमधला भिक्षू बीड यानं कालगणनेवर इसवी सन ७२५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात एका तासाचे ४ पुंक्तुस, १० मिनुटा, १५ पार्तेस आणि ४० मोमेंता सांगितले आहेत. ३६०० सेकंदांना ४० नं भागा: एक मोमेंट म्हणजे ९० सेकंद. म्हणजे दीड मिनिट! आणि त्याच हिशेबानं त्यांचा मिनिट आपल्या ६ मिनिटांचा.

हे ९० सेकंदही सरासरीनं. तेव्हाचा तास म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचा बारावा भाग. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून तासही मोठा आणि मोमेंटही. हिवाळ्यात सगळंच आखडायचं. तेव्हा "लाँग मोमेंट" हे अगदी शब्दशः खरं होतं.

१३व्या शतकात त्याचेही तुकडे पाडले. एका मोमेंटचे १२ औंस, एका औंसाचे ४७ ॲटम. ॲटम म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो काळ. हिशेब केला तर एक ॲटम सुमारे ०.१६ सेकंदाचा येतो. गंमत म्हणजे बायबलच्या ग्रीक मुळात जिथे "अतोमो" हा शब्द आहे, तिथे १६११ च्या इंग्रजी भाषांतरात "इन अ मोमेंट" असं आलं, आणि पुढे लगेच "इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय". म्हणजे तोवर मोमेंटचं माप सुटलं होतं आणि तो अविभाज्य कणाच्या जागी जाऊन बसला होता.

गुंजभर

रातराणी, मग क्षणाचीही मापं ऐका. अमरकोशात १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक क्षण, १२ क्षणांचा एक मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा. म्हणजे क्षण चक्क ४ मिनिटांचा! वेलांटी, "क्षण कधी मोठा असतो का" याचं हे एक उत्तर.

आता दुसरं टोक. वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या अभिधर्मकोशात १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त. या हिशेबानं क्षण म्हणजे सेकंदाचा ७५वा भाग. बौद्ध विचारात प्रत्येक गोष्ट क्षणोक्षणी उपजते आणि नाहीशी होते, म्हणून त्यांना क्षण इतका बारीक लागला. शब्द एकच, पण एका ग्रंथातला क्षण दुसऱ्यातल्यापेक्षा १८,००० पट मोठा.

रातराणी_

गुंजभर, थांबा, यात एक फार छान गोष्ट लपली आहे. वसुबंधूचा लव म्हणजे ४८ मिनिटांचा तिसावा भाग. ९६ सेकंद. बीडचा मोमेंट ९० सेकंद. मापानं बघितलं तर मोमेंटचा खरा जोडीदार क्षण नाहीच, लव आहे. आणि लव म्हणजे मुळात कापलेला बारीक तुकडा, कण. तिकडेही कण, इकडेही कण!

वेलांटी

अंगावर काटा आला हे वाचून. लवमात्र, लवलेश हे शब्द आपण अजून वापरतो, पण वेळेसाठी मात्र लव आता कुणी वापरत नाही. वाक्यात घालता येणार नाही, पण वहीत पहिल्या पानावर लिहिला.

आडवाटेने

क्षणापेक्षा घटका हा शब्द जास्त जिवंत आहे असं माझं मत. "घटकाभर टेका", "अखेरच्या घटका मोजणे", "घटकेत असं घटकेत तसं". माप म्हणून घटका २४ मिनिटांची, ६० घटकांची दिवसरात्र. एका घटकेची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं, आणि त्याचा ६०वा भाग विपळ, ०.४ सेकंद. पण "घटकाभर टेका" म्हणणारा माणूस २४ मिनिटं मोजत नाही, आणि "जस्ट अ मोमेंट" म्हणणारा ९० सेकंद मोजत नाही. मापाचे शब्द माप विसरले की मग ते माणसांच्या कामाचे होतात.

आणि "घटका भरली" हे बघा. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली वाटी. पाण्यात सोडली की हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. वाटी भरून बुडण्याचं चित्र त्या शब्दात अजून आहे. इतका भरीव "मोमेंट" इंग्रजीतही सापडणार नाही.

जास्वंदी

"घटका भरली" मात्र शेवटाच्या अर्थानंच येतं ना? इथे तर काहीतरी सुरू होतं आहे.

आडवाटेने

हो, ते खरं. या वाक्यासाठी सुचवत नव्हतो, वहीसाठी सांगितलं.

दौतटाक

पर्यायी शब्दांची चर्चा फारशी झाली नाही, म्हणून थोडं. इन्स्टंट हा शब्द मोमेंटचा सख्खा पर्याय म्हणून देतात, पण दोघांची जात वेगळी. लॅटिन इन्स्तारे म्हणजे अगदी जवळ येऊन उभं राहणं, पाठीशी लागणं. त्यामुळे इन्स्टंटमध्ये घाई आहे, मोमेंटमध्ये ती नाही. "कम धिस इन्स्टंट" हे दटावणं आहे, तिथे मोमेंट घातलं तर धार कमी होते. मराठीत पहिल्याला "आत्ताच्या आत्ता", दुसऱ्याला "लगेच ये".

जुना इंग्रजी पत्रव्यवहार वाचायचं काम माझ्याकडे असतं. त्यात "युअर लेटर ऑफ द फिफ्थ इन्स्टंट" असं सतत येतं. तिथे इन्स्टंट म्हणजे चालू महिना. मागच्या महिन्याला अल्टिमो, पुढच्याला प्रॉक्सिमो. मी सुरुवातीला एका पत्राच्या नोंदीत "पाच क्षणांपूर्वीचं पत्र" असं लिहून ठेवलं होतं, आणि ती नोंद बरेच महिने तशीच राहिली. नंतर सापडली तेव्हा सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या.

सेकंद आणि मिनिट हे तर नुसते क्रमांक आहेत. तासाचा पहिला बारीक भाग पार्स मिनुटा प्रीमा, त्यातला मिनुटा उरला. दुसरा बारीक भाग पार्स मिनुटा सेकुंदा, त्यातला सेकुंदा उरला. १९६७ पासून सेकंद सीझियम-१३३ अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बांधला गेला आणि "वेट अ सेकंड" मधला सेकंद मात्र मोकळाच राहिला.

पाणकोंबडी

जिफी राहिला! "इन अ जिफी" म्हणजे एवढ्यात, झटक्यात. १८व्या शतकाच्या अखेरीपासून छापलेला सापडतो. गिल्बर्ट लुईस या रसायनशास्त्रज्ञानं प्रकाशाला निर्वातात एक सेंटीमीटर जायला लागणाऱ्या वेळेला जिफी म्हणावं असं सुचवलं होतं, म्हणजे सुमारे ३३ पिकोसेकंद. आमच्या कामात लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात घड्याळाचे टोले मोजणाऱ्या चलाचं नावच जिफीज आहे. आणि अणुभौतिकीत शेक म्हणजे १० नॅनोसेकंद, कोकराच्या शेपटीच्या झटक्यावरून आलेला. ट्राइस हा शब्द दोरी ओढण्यावरून आला आहे, एका हिसक्यात. आपलं "चुटकीसरशी" त्याच्या जवळचं.

टिंबटिंब

अनुवाद करणाऱ्यांनी मोमेंटरिली या शब्दापासून सांभाळून राहावं. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ "क्षणभरासाठी". अमेरिकेत बहुतेक वेळा "एवढ्यात, लवकरच". मी एका माहितीपटाची उपशीर्षकं करत होते. त्यात विमानातली घोषणा होती, आपण मोमेंटरिली उतरणार आहोत. मी लिहिलं, "आपण क्षणभर उतरणार आहोत." पुढच्या दृश्यात प्रवासी सामान घेऊन घरी जाताना दिसतात. तपासणाऱ्या बाईंनी वेळेवर पकडलं, पण मला ते आजही लागतं, कारण मी वाक्य बघितलं आणि प्रसंग बघितलाच नाही.

"ॲट द मोमेंट" चं तसंच. पुष्कळ अनुवादांत "या क्षणी ते कार्यालयात नाहीत" असं वाचायला मिळतं. मराठी माणूस म्हणतो, "आत्ता नाहीत ते." या क्षणी म्हटलं की पुढच्या क्षणी उगवतील असं वाटतं.

काटकोन

टिंबटिंब, प्रसंग हा शब्द तुम्ही सहज लिहिलात, पण मोमेंटसाठी तो चांगला आहे. "बाका प्रसंग", "आणीबाणीचा प्रसंग". त्याला वजन आहे.

टिंबटिंब

आहे, पण प्रसंगाला लांबी फार. त्यात माणसं येतात, बोलतात, जातात. इथे फक्त डोळे उघडले आहेत.

गुंजभर

वेलांटी, मी माझं मत थोडं बदलतो आहे. क्षण ठेवा, पण दोनदा ठेवू नका. इंग्रजीत तोच शब्द दोनदा आल्यानं जोर येतो, मराठीत दुसऱ्यांदा तो शिळा होतो.

जास्वंदी

दुसऱ्या मोमेंटसाठी नामच कशाला हवं? क्रियापद घ्या ना. मूळ लॅटिन शब्द हलण्यावरूनच आला आहे असं तुम्हीच वर लिहिलं आहे.

रातराणी_

अगं मग पारडं! सामना बघताना आपण काय म्हणतो? "इथे पारडं फिरलं." निवडणुकीतही पारडं झुकतं. इंग्रजी समालोचक ज्याला मोमेंटम म्हणतात त्याला आपण पारडं म्हणतो आणि दोघंही नकळत त्याच जुन्या तराजूबद्दल बोलतो. इंग्रजी माणसाला मोमेंटमध्ये तराजू आता दिसत नाही. आपल्या शब्दात तो अजून उघड दिसतो.

आडवाटेने

जमलं!

वेलांटी

रातराणी, जास्वंदी, हे वाचून लगेच लिहायला बसले. दोन तास गेले. आधी असं लिहिलं: "फार वेळ नव्हता तो, पण पारडं फिरलं ते तेव्हाच." दोनदा मोठ्यानं वाचलं. अर्थ बरोबर, वजन बरोबर, पण पारड्यात हार-जीत येते. कोण जिंकलं, वडील की मुलगी? तिथे कुणीच जिंकत नाही. तराजूचा काटा सामन्यासाठी चालतो, उशाशी बसलेल्या माणसासाठी खटकतो.

म्हणून पारडं काढलं आणि फिरणं तेवढं ठेवलं. आत्ता खर्ड्यात असं आहे:

"क्षणभरच बघितलं त्यांनी. पण फिरलं ते तिथेच."

पहिल्या वाक्यात क्षण आहे, त्याच्या सवयीच्या लांबीसकट. दुसऱ्यात नाम नाही, जास्वंदी म्हणाली तसं. "ते" म्हणजे काय हे सांगितलेलं नाही, कारण मागच्या सतरा पानांत अबोल्याशिवाय दुसरं काही नाही.

टिंबटिंब

"तिथेच" की "तेव्हाच"?

वेलांटी

तेव्हाच म्हटलं की पुन्हा घड्याळ येतं. तिथेच म्हटलं की ती खाट दिसते. तिथेच ठेवते आहे.

गुंजभर

ठेवा. आणि वहीतली ती यादी पुरी झाली की इथेच टाका, "फॉर द मोमेंट" साठी माझ्याकडे अजून दोन शब्द आहेत.